डोक्यावरचा माळा की पायाखालचा ओटा?
घराच्या गॅरेजमध्ये माल ठेवू पाहणाऱ्या व्यापारी बंधूंसाठी एक हिशेब

वैशाख संपत आला की भिवंडीतल्या कापड व्यापाऱ्याची नजर आधी आभाळाकडे जाते आणि मग गोदामाच्या जमिनीकडे. यंदा आमच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट आली. भाड्याच्या गाळ्याच्या मालकाने भाडे वाढवले, बाजारात ग्रे कापडाला उठाव नाही, आणि विणून आलेले ताके घरात येऊन पडले. टेमघरला आमचे राहते घर आहे. खाली गॅरेजचा गाळा, वर आम्ही राहतो. गॅरेज दहा फूट रुंद, अठरा फूट खोल आणि छतापर्यंत सव्वादहा फूट उंच. त्यात एक लहान मोटार आणि मुलाची विजेवर चालणारी स्कूटर उभी असते.

एका रात्री जेवणानंतर थोरला मुलगा कागद घेऊन आला. म्हणाला, "अब्बा, गाडीच्या वर तीन फूट जागा रिकामी आहे. मागच्या बाजूला सहा फूट खोलीचा लोखंडी माळा मारू. दीडशे ताके आरामात बसतील. भाडे वाचेल, पाण्याची भीती नाही आणि गाडीही जागच्या जागी राहील."

बोलणे पटण्यासारखे होते. मिस्त्रीनेही दुसऱ्याच दिवशी येऊन माप घेतले. तरी आम्ही आठ दिवस थांबलो. त्या आठ दिवसांत जे मोजले आणि जे समजले, ते येथे देत आहोत. अशी घरे, असे गॅरेज आणि असा अडकलेला माल भिवंडीत पुष्कळांकडे आहे.

माळा काही नवा नाही

डोक्यावर सामान ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. आसपासच्या कोकणी घरांत कौलांखाली माळा असायचा. आमच्या उर्दू शाळेतले मोमीन मित्र त्यालाच टांड म्हणत. बांधकामवाले आज पोटमाळा किंवा लॉफ्ट म्हणतात. शब्द तीन असले तरी समजूत एकच, की जमिनीवरची ओल, उंदीर आणि पाणी यांपासून वस्तू वाचवायची तर ती वर चढवावी.

पण जुन्या माळ्याची घडण कशी होती, ते आपण विसरलो. त्या माळ्याचा भार लाकडी तुळयांवर असे. तुळया जाड भिंतीत खोल बसवलेल्या किंवा जमिनीपासून उभ्या केलेल्या खांबांवर टेकवलेल्या असत. म्हणजे वजनाला जमिनीपर्यंत जाण्याची सरळ वाट होती. घर बांधतानाच माळ्याचा विचार झालेला असे. आजचे घर बांधून झाल्यावर वीस वर्षांनी भोके पाडून जो माळा लटकवला जातो, त्याला ती वाट नसते. नाव तेच राहिले, वस्तू बदलली.

पाण्याचा धडा

मुलाच्या आग्रहामागे एक जुनी आठवण होती. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात कामवारी नदीने भिवंडीचे सखल भाग पाण्याखाली घातले. आमचा माल तेव्हा शहराच्या खालच्या अंगाला भाड्याच्या गाळ्यात होता. पाणी ओसरल्यावर शटर उघडले, तेव्हा थप्पीतले खालचे ताके गाळाने भरले होते. वरचे कोरडे दिसत होते, पण चार दिवसांत त्यांनाही बुरशीचा वास येऊ लागला.

याला कारण आहे. ग्रे कापडाच्या ताण्याला सायझिंगमध्ये खळ लागलेली असते आणि ती खळ बुरशीचे खाद्य आहे. शिवाय सूत हवेतले पाणी ओढते. व्यवहारात सुती धाग्याच्या ओलाव्याचे मान साडेआठ टक्के धरतात, तर पॉलिस्टरचे अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणून पावसाळ्यात पॉलिस्टरचा माल एक वेळ तग धरतो, सुती माल धरत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच वाक्य चालत आले, की माल उंचावर पाहिजे. पण किती उंचावर, हा प्रश्न आम्ही वीस वर्षांत कधी विचारलाच नव्हता. टेमघरच्या गॅरेजमध्ये आजवर जास्तीत जास्त किती पाणी आले, ते भिंतीवरच्या खुणेवरून मोजले. ते नऊ इंच निघाले. नऊ इंच पाण्यापासून वाचण्यासाठी आम्ही माल सात फूट वर नेणार होतो.

वजनाचा हिशेब

पहिले काम म्हणून आम्ही काटा आणवला. शंभर मीटरचा कॅम्ब्रिकचा ताका साधारण बारा किलो भरला. मग जमिनीवर खडूने दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन आखून त्यात तीन फूट उंचीपर्यंत ताके रचले. दहा ताके बसले. म्हणजे चार चौरस फुटांवर १२० किलो, एका चौरस फुटावर तीस किलो.

मुलाने आखलेला माळा दहा फूट बाय सहा फूट, म्हणजे साठ चौरस फुटांचा होता. साठ गुणिले तीस, अठराशे किलो. जुन्या मारुती ८०० गाडीचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास असायचे. म्हणजे अशा पावणेतीन गाड्या आम्ही आमच्या एका गाडीच्या डोक्यावर टांगणार होतो. लोखंड आणि प्लायचे वजन वेगळे, वर चढणाऱ्या माणसाचे वेगळे.

आता दुसरी बाजू पाहा. इमारतींवरील भारासाठी आपल्या देशात आयएस ८७५ हे मानक आहे. त्याच्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीच्या जमिनीसाठी वापराचा भार चौरस मीटरला दोन किलोन्यूटन धरला आहे, म्हणजे चौरस फुटाला सुमारे १९ किलो. मालाच्या कोठारासाठी तोच आकडा निदान साडेसात किलोन्यूटन, म्हणजे चौरस फुटाला सुमारे ७१ किलो धरायला सांगितला आहे. घर आणि गोदाम यांच्या ताकदीत जवळजवळ चौपट फरक आहे. आपण घर बांधतो आणि त्याला गोदाम म्हणून वापरतो, तेव्हा हा फरक कुठे जातो? तो त्या भिंतींवर आणि त्या स्लॅबवर जातो, ज्यांना आपण याबद्दल कधी विचारले नाही.

परदेशातला नमुना

मुलाने इंटरनेटवर अमेरिकेतली गॅरेजे पाहिली होती. तेथे गाडीच्या वर छताला लोखंडी जाळीचे मचाण टांगण्याची पद्धत सर्रास आहे. तेथल्या बाजारात मिळणाऱ्या चार बाय आठ फुटी मचाणांवर पुष्कळदा ६०० पौंड ही मर्यादा लिहिलेली असते. हिशेब केला तर २७२ किलो, चौरस फुटाला साडेआठ किलो. त्या मचाणावर आमचे बावीस ताके बसले असते, तेविसावा नाही.

त्यांची घरे बहुतेक लाकडी सांगाड्याची. मचाणाचे स्क्रू छताच्या लाकडी वाशांत जातात. वर काय ठेवतात, तर सणाची सजावट, तंबू, रिकाम्या पेट्या आणि हिवाळ्याचे सामान. वर्षातून दोनदा लागणारी हलकी वस्तू. चित्र पाहून आपल्याला मोह होतो तो जागेचा. वस्तू कोणती ठेवली आहे, हे आपण पाहत नाही.

भिंत काय म्हणते

आठव्या दिवशी एका जाणत्या इंजिनियर साहेबांना बोलावले. त्यांनी भिंतीवर हाताने ठोकून पाहिले, एका कोपऱ्यात गिलावा खरवडला आणि विचारले, "ही भिंत नऊ इंची की साडेचार इंची?" आम्हाला सांगता येईना. मोजल्यावर एका बाजूची नऊ इंची निघाली, दुसऱ्या बाजूची साडेचार. त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे.

साडेचार इंची विटेची भिंत ही आडोसा असते. तिच्यात बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण वजन आले की वीट फुटते किंवा बोल्ट विटेसकट बाहेर येतो. छताच्या स्लॅबला लटकवायचे म्हटले, तर स्लॅबच्या खालच्या अंगाला सळईवर साधारण वीस मिलिमीटरचेच काँक्रीटचे आवरण असते. भोक पाडताना सळई दुखावू शकते, आणि त्या भोकातून ओल शिरली की सळई गंजून फुगते आणि आवरण फोडते. आपल्या दमट हवेत ही तक्रार नेहमीची आहे. कडप्पा किंवा कोटा दगडाच्या फळ्या स्वस्त पडतात, पण दगड वाकत नाही. लोखंड वाकून इशारा देते, दगड इशारा न देता तुटतो.

वजनदार माळा करायचाच असेल तर एकच खात्रीची रीत आहे. जमिनीपासून लोखंडी खांब उभे करावेत, त्यांच्या तळाला पाया द्यावा आणि भिंतीवर काही भार टाकू नये. ते करायला गेलो तर गाडीचे दार उघडायला जागा उरत नव्हती.

उंचीचीही गोष्ट निघाली. राष्ट्रीय इमारत संहितेत पोटमाळा म्हणजे सामान ठेवण्यासाठी केलेली, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची जागा. त्याहून उंच केली, तेथे माणूस बसू लागला की तो माळा राहत नाही, मजला होतो. मग पालिकेची परवानगी आणि चटई क्षेत्राचा हिशेब सुरू होतो.

आमच्याच गल्लीतली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. एका घरात गॅरेजच्या अर्ध्या विटेच्या भिंतीला असाच अँगलचा माळा लावला होता. त्यावर आधी रिकामे कोन ठेवले, मग सुताच्या गोण्या चढल्या. सुताची गोणी पन्नास किलोच्या आसपास असते. एका रात्री तो माळा भिंतीच्या विटा घेऊन खाली आला. खाली उभी असलेली स्कूटर चेपून गेली. रात्रीची वेळ होती म्हणून खाली माणूस नव्हता.

दुपारची वेळ असती तर? आमच्या घरात दुपारी गॅरेजचे शटर अर्धे वर असते. तेथे गारवा असतो. अम्मी खाट टाकून बसतात, घरातल्या बायका ताक्याचे लोंबते धागे कापतात, मुले शाळेतून येऊन तेथेच खेळतात. मिस्त्रीच्या कागदावर माळ्याखाली गाडी काढलेली होती, अम्मींची खाट काढलेली नव्हती.

भिवंडीला हे कोणी नव्याने सांगायला नको. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. २९ एप्रिल २०२३ रोजी तालुक्यातील वळपाडा येथे इमारत कोसळून आठ जणांचा बळी गेला. तेथे खाली माल आणि वर कुटुंबे, असाच प्रकार होता. महापालिका हद्दीत तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. इमारतीचे वय काहीही असो, तिच्यावर नवे वजन चढवण्याआधी तशी तपासणी आपणहून करून घेण्यात शहाणपण आहे.

मालाचे काय होते

समजा माळा भक्कम केला. तरी मालाच्या बाजूने तीन प्रश्न उरतात.

पहिला प्रश्न धूर आणि डागाचा. गाडी सुरू केली की गरम धूर वर चढतो आणि छताखाली साचतो. कोऱ्या कापडावर त्याची काजळी बसली की ताका सेकंडमध्ये जातो. छताला गळती असेल तर पहिले पाणीही वरच्याच मालावर पडते. जमिनीवरचे पाणी डोळ्यांना दिसते, वरची गळती वास आल्यावर कळते.

दुसरा आगीचा. खाली पेट्रोलची गाडी, शेजारी चार्जिंगला लावलेली स्कूटर, वर सुती कापड आणि त्याला चिकटून ट्यूबलाइटची वायर. वर झोपलेले कुटुंब. एवढ्या चार वस्तू एका खोलीत एकावर एक आणणे म्हणजे आगीला शिडी लावून देणे होय.

तिसरा कागदपत्रांचा. आगीचा विमा ज्या पत्त्यावरच्या मालासाठी घेतला, त्या पत्त्यापुरता असतो. गोदामाच्या नावावर विमा आणि माल घराच्या गॅरेजमध्ये, असे असेल तर नुकसानीच्या वेळी हातात काही पडत नाही. जीएसटीच्या नोंदणीतही जेथे माल साठवतो ती जागा अतिरिक्त जागा म्हणून दाखवावी लागते. आणि जॉबवर विणायला दिलेले सूत किंवा परत जायचे कापड दुसऱ्याचे असेल, तर ती अमानत आहे. आपला माल आपण धोक्यात घालू शकतो, दुसऱ्याचा घालण्याचा आपल्याला हक्क नाही.

वर गेला तो विसरला

याहून एक बारीक गोष्ट आहे, ती व्यापाराची. बारा किलोचा ताका शिडीवर उभे राहून सात फुटांवरून उतरवणे हे पन्नाशीच्या माणसाचे काम नाही. नोकर असला तर तो जवळचा, वरवरचा ताका काढतो. मागचा ताका मागेच राहतो. जुना माल आधी जावा ही बाजाराची रीत माळ्यावर उलटी होते. जो नवा चढला तोच आधी उतरतो, आणि जुना पिवळा पडतो.

दिसणारा माल विकावासा वाटतो. गाळ्यात पाय ठेवायला जागा नसली की व्यापारी चार पैसे कमी घेऊन माल काढतो आणि भांडवल मोकळे करतो. माळ्यावर ढकललेला माल मात्र "भाव येईल तेव्हा पाहू" म्हणत बसून राहतो. आम्ही मुलाला विचारले, "आपल्याला दीडशे ताक्यांची जागा कमी आहे, की दीडशे ताक्यांचे गिऱ्हाईक कमी आहे?" तो हसला, पण उत्तर दोघांनाही ठाऊक होते.

आम्ही काय केले

निर्णय अगदी साधा निघाला. खडू घेऊन आम्ही पुन्हा जमिनीवर आखले. मागच्या भिंतीलगत दहा फूट रुंद आणि साडेचार फूट खोल असा विटांचा ओटा, दोन फूट उंच. नऊ इंच पाण्याला दोन फूट पुष्कळ झाले. ओट्यावर लाकडी पॅलेट आणि भिंतीपासून सहा इंच अंतर, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही दिसतील. उरली चार फूट खोलीची जागा, चाळीस चौरस फूट. तिच्यावर साडेचार फूट उंच थप्पी लावली तर किती माल बसतो? चाळीस गुणिले साडेचार, १८० घनफूट. घनफुटाला दहा किलो धरले तर अठराशे किलो, म्हणजे तेच दीडशे ताके.

माळ्यावर जेवढा माल बसणार होता, तेवढाच जमिनीवर बसला. समोर गाडीसाठी साडेतेरा फूट उरले. आमची गाडी साडेअकरा फुटांच्या आतली आहे. ज्या जागेसाठी आम्ही छताला भोके पाडणार होतो, ती जागा गाडीच्या मागे रिकामीच होती. पूर पाहिल्यापासून आम्ही जमिनीला जागा समजतच नव्हतो.

माळा अगदीच रद्द केला असेही नाही. ओट्याच्या वर, नऊ इंची भिंतींच्या कोपऱ्यात, अँगलचे खांब जमिनीपर्यंत उतरवून एक लहान माळा केला. त्यावर रिकामे कोन, बारदान, जादा गाद्या आणि घरातल्या लग्नाचे मंडपाचे कापड. त्याच्या पट्टीवर रंगाने लिहून घेतले, "३०० किलोपेक्षा जास्त नको." लिहिले नसते तर दोन वर्षांत कोणीतरी सुताची गोणी चढवलीच असती. स्कूटरचे चार्जिंग बाहेर अंगणाच्या भिंतीवर नेले. दाराशी आग विझवण्याचे नळकांडे टांगले. विम्यात आणि जीएसटीत पत्ता दाखल केला. आणि दीडशे ताके भरायची जागा असूनही साठांच्या वर घरात ठेवायचे नाहीत, असे ठरवले. बाकीचे थोडा तोटा सोसून बाजारात काढले. गाळ्याच्या वाढलेल्या भाड्याचा प्रश्न त्यामुळेच सुटला, ओट्यामुळे नव्हे.

वाचकहो, तुमच्या घरी असा बेत चालू असेल तर मिस्त्रीला बोलावण्याआधी चार गोष्टी कराव्यात. वर चढवायची वस्तू काट्यावर ठेवून तिचे वजन लिहावे. आजवर पाणी किती वर आले ते भिंतीवर मोजावे. भिंत किती इंची आहे ते पाहावे. आणि त्या माळ्याखाली दिवसभरात कोणकोण बसते, ते घरातल्या बायकांना विचारावे. हलकी, वर्षातून दोनदा लागणारी वस्तू असेल तर खुशाल माळा करावा. जड आणि रोजची असेल तर तिची जागा खालीच, पण पाण्याच्या खुणेच्या वर.

आमच्या ओट्याला यंदा पहिला पावसाळा लागेल. अम्मींची खाट जागेवरच आहे.